लग्नाचा फोटोग्राफर लग्नघरानेच निवडावा: वेळापूर परिसरातील फोटो-व्हिडिओ व्यावसायिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. तहसीलदार, माळशिरस
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, माळशिरस
मा. प्रभारी अधिकारी, वेळापूर पोलीस ठाणे
मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, वेळापूर
परिसरातील मंगल कार्यालये व लॉन यांचे चालक, आणि यंदा कार्य असलेली सर्व लग्नघरे

विषय: लग्नासाठी फोटोग्राफर निवडण्याची मोकळीक, लेखी ऑर्डर, वेळेवर पैसे आणि कामाच्या जागी कायद्याचे संरक्षण मिळणेबाबत.

महोदय,

वेळापूर, खुडूस, तोंडले, बोंडले, पिलीव आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर लग्नाचे फोटो व व्हिडिओ काढणारे आम्ही व्यावसायिक हे मागणीपत्र सादर करीत आहोत. रिळाचा कॅमेरा गेला, व्हीएचएस कॅसेट गेली, सीडी गेली, आता पेनड्राइव्ह आणि मोबाइलवरची लिंक आली. एवढे बदलले तरी ऑर्डर मात्र अजून तोंडीच ठरते. सुपारी फुटली की फोन येतो, "तारीख धरून ठेवा." विसार म्हणून हजार-पाचशे हातावर पडतात आणि बाकीचे "लग्नात बघू" यावर राहते. पुढचे बहुतेक तंटे या "बघू"मधूनच उभे राहतात. वाट पाहण्यात बरेच हंगाम गेले, म्हणून आमच्या मागण्या आता कारणांसह कागदावर मांडत आहोत. त्यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. शासनाच्या तिजोरीचा प्रश्न येतो तो एका प्रशिक्षणापुरता, आणि तेही चालू योजनेतून होणारे आहे.

निवड कोणाची

पहिली तक्रार मंगल कार्यालयांच्या पॅकेजबद्दल आहे. हॉल, मंडप, जेवण, बॅण्ड आणि फोटो-व्हिडिओ असा एकच आकडा सांगितला जातो. फोटोग्राफर नको म्हटले तरी रक्कम कमी होत नाही. लग्नघराने बाहेरचा माणूस आणलाच, तर त्याच्याकडून प्रवेशाचे किंवा लाइट बिलाचे म्हणून पैसे कापले जातात. सगळीच कार्यालये असे करतात असे आमचे म्हणणे नाही. जी करतात त्यांना आपण कोण ते ठाऊक आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्यांमध्ये 'प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा' दिलेली आहे. एक सेवा घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट घालणे त्यात मोडते. हॉल हवा तर फोटोग्राफरही आमचाच, ही अट याहून वेगळी नाही.

लाइट बिलाचा हिशेबही मांडून टाकू. दोन एलईडी लाइट आणि बॅटऱ्यांचे चार्जर मिळून ६०० वॅट धरले आणि सहा तास चालवले, तर ३.६ युनिट वीज लागते. तेवढ्या युनिटचे पैसे आम्ही हसत देऊ. त्याच्या नावाखाली घेतलेले कमिशन देणार नाही.

मागणी अशी: प्रत्येक कार्यालयाने हॉलचा, जेवणाचा आणि फोटो-व्हिडिओचा दर बुकिंगच्या पावतीवर वेगवेगळा लिहावा. 'फोटोग्राफर आणण्याची मोकळीक ग्राहकाला आहे' ही ओळ पावतीवर छापावी. बाहेरच्या फोटोग्राफरकडून विजेखेरीज काही घेऊ नये आणि वीज युनिटप्रमाणे लावावी. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील कार्यालयांना तशी लेखी सूचना द्यावी. कार्यालयाचा स्वतःचा फोटोग्राफर असायला आमची हरकत नाही. त्याने आमच्याप्रमाणेच लग्नघरासमोर आपले काम ठेवावे आणि ऑर्डर मिळवावी.

लग्नघरांना सांगणे

निवडीची मोकळीक मागायची तर निवड कशी करावी हेही आम्हीच सांगायला हवे. आज निवड होते ती दोन गोष्टींवर: इन्स्टाग्रामवरचे दहा फोटो, आणि सगळ्यांत कमी आकडा. दहा फोटो कोणाचेही चांगले निघतात. ते त्याचेच आहेत याची खात्री कोण देणार? दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून दाखवण्याचे प्रकार याच तालुक्यात झाले आहेत.

म्हणून लग्नघरांनी फोटोग्राफरकडे एका लग्नाचे हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो मागावेत. तेही शक्यतो आपल्यासारख्याच जागेतल्या लग्नाचे. आपल्याकडची बरीच लग्ने दुपारी साडेबाराच्या आसपास पत्र्याच्या शेडखाली लागतात. बाजूला लाल-गुलाबी पडदे, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि पडद्यातून आलेल्या उजेडाने नवरीचा चेहरा, शालू, गुरुजींचे उपरणे सगळेच गुलाबी दिसते. तिथे ज्याला रंग सांभाळता आला त्याला काम येते. डोंगरावर संध्याकाळच्या सोनेरी उन्हात काढलेला प्री-वेडिंगचा फोटो पाहून हे कळत नाही.

त्यानंतर विचारावे, कॅमेरा प्रत्यक्षात कोण धरणार? दाट तिथीला एकच नाव तीन ठिकाणी ऑर्डर घेते आणि दोन ठिकाणी दिवसावर आणलेली मुले उभी करते. काही लग्नघरे पुण्याच्या टीमला मोठी रक्कम देतात, आणि 'ट्रॅडिशनल' कामाला ती टीम आमच्यातल्याच कोणालातरी आदल्या रात्री फोन करून बोलावते. यात बेकायदा काही नाही. पण पैसे देणाऱ्याला ते आधी माहीत असले पाहिजे. तेव्हा येणाऱ्या माणसांची नावे ऑर्डरवर लिहून घ्या.

'अनलिमिटेड फोटो' या शब्दावर जाऊ नका. हळद धरून एका लग्नात एका कॅमेऱ्यावर सहज तीन हजार क्लिक होतात. १२ बाय ३६ च्या करिझ्मा अल्बमला ४० शीट धरल्या आणि एका शीटवर सहा फोटो बसवले, तरी अल्बममध्ये जातात २४०. बाकीचे २,७६० पेनड्राइव्हमध्ये राहतात. तेव्हा विचारायचे ते शीट किती, कागद कोणता, व्हिडिओ किती मिनिटांचा आणि मूळ डाटा किती दिवस जपणार, एवढे.

आता आमच्या दराबद्दल. मधल्या दर्जाच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेले असते. लग्नाला तीन हजार धरले तर ५० लग्नांत तो आकडा पुरा होतो. १०० मेगाबिट वेगाने ४-के व्हिडिओ काढला तर एका तासाचे ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले की ४५० जीबी झाले, आणि ते दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवायचे म्हणजे ९०० जीबी जागा अडकली. त्यावर दुसऱ्या कॅमेऱ्याचा माणूस, लाइटमन, एडिटिंगचे दिवस आणि अल्बमची छपाई. या हिशेबात न बसणारा दर कोणी सांगत असेल, तर तो दुसरी हार्डडिस्क घेत नाही किंवा दुसरा माणूस आणत नाही. घासाघीस करायला आमची ना नाही, पण ती नेमकी कोणत्या वस्तूवर होते आहे हे लग्नघराने बघावे.

भावकीतल्या पोराने हौसेने कॅमेरा आणला तर तोही आणू द्या. त्याने काढलेले फोटो पुष्कळदा गोड असतात. फक्त अंतरपाट धरला जात असताना त्याने आमच्यापुढे उभे राहू नये, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगावे. आमचे सांगणे त्याला पटत नाही.

ऑर्डर, विसार आणि उसाचे बिल

तोंडी व्यवहारात दोन्ही बाजूंचे नुकसान आहे, हे आम्ही मान्य करतो. ग्राहकाची फसगत झाली तर त्याला सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि १९१५ ही हेल्पलाइन आहे. आमचे पैसे बुडाले तर आम्हांला दिवाणी दावा एवढाच मार्ग राहतो. पंधरा हजारांच्या थकबाकीसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढतो? लग्न झाले, पेनड्राइव्ह घेतला, अल्बम "पोरगी माहेरी आली की बघू" म्हणून राहिला, आणि बाकी तशीच पडली, अशी उदाहरणे आमच्यातल्या प्रत्येकाकडे आहेत.

आमच्या बहुतेक ग्राहकांचा पैसा उसावर आहे. "कारखान्याचे बिल आले की देतो" हे उत्तर आम्ही नाकारत नाही, ते खरेच असते. पण ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. थकलेल्या बिलाचा जाच कसा असतो हे ऊस घालणाऱ्याला आम्ही सांगायला नको. आम्ही व्याज मागत नाही. फक्त तेच १४ दिवस मागतो.

तारीख धरताना ठरलेल्या रकमेच्या ३० टक्के विसार द्यावा आणि त्याची पावती घ्यावी. लग्नाच्या दिवशी, वरात निघण्यापूर्वी, ५० टक्के द्यावेत. उरलेले २० टक्के अल्बम हाती आल्यापासून १४ दिवसांत. अल्बमचे फोटो लग्नघराने ३० दिवसांत निवडून द्यावेत. न दिल्यास आम्ही निवडू आणि त्यावर मग तक्रार चालणार नाही. (वर्षभर फोटो निवडले जात नाहीत आणि बारशाला अल्बमची आठवण होते, हा अनुभव नेहमीचा आहे.) निवड हातात आल्यापासून ४५ दिवसांत अल्बम देणे आमच्यावर बंधनकारक राहील. त्यापुढच्या प्रत्येक आठवड्याला एकूण रकमेच्या दोन टक्के आम्ही सोडू.

लग्न पुढे गेले किंवा मोडले तर काय, हेही आधीच ठरलेले असावे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा ऐन हंगामाचे विसार आमच्याकडे होते आणि कोणत्याही कागदावर काही लिहिलेले नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली. तेव्हा कोणी विसार परत केला, कोणी नाही, आणि त्यातून तुटलेले संबंध अजून जुळलेले नाहीत. यापुढे घरात सुतक आले किंवा शासनाची बंदी आली, तर विसार पूर्णपणे पुढच्या तारखेला धरला जाईल. लग्न मोडल्याचे ६० दिवस आधी कळवल्यास पूर्ण परत, त्यानंतर कळवल्यास अर्धा परत. अधिक महिना आला की मुहूर्त दोन्ही बाजूंना दाटतात (२०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे). अशा हंगामात एक तारीख सोडली तर ती पुन्हा भरत नाही. अर्ध्या विसाराचे कारण तेच आहे.

तंटा झालाच तर तो गावात मिटावा. २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे. वेळापुरात तंटामुक्त समितीने लग्नकामाच्या व्यवहारातले वाद अर्ज आल्यापासून १५ दिवसांत ऐकावेत आणि त्या बैठकीत आमचा एक प्रतिनिधी असावा, ही ग्रामपंचायतीकडे मागणी आहे. तिथे लेखी ऑर्डर दाखवणाऱ्याचेच म्हणणे ऐकावे. आमच्यातला कोणी ऑर्डर न लिहिता आला, तर त्याला परत पाठवावे.

मुहूर्त, स्टेज आणि सत्कार

पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटे छापलेले असते. त्या वेळी नवरदेव परण्यातून मारुतीच्या देवळापुढे नाचत असतो. मग तो येतो आणि सत्कार सुरू होतात. शाल, श्रीफळ, फेटा. व्यासपीठावरचा प्रत्येक मान्यवर शुभाशीर्वादाचे दोन शब्द बोलतो आणि ते दोन कधीच नसतात. दीड वाजता गुरुजी घाईने मंगलाष्टका म्हणू लागतात, स्टेजवर साठ-सत्तर माणसे चढतात, अंतरपाट खाली येतो त्या क्षणाला चाळीस मोबाइल वर गेलेले असतात, आणि आमच्या कॅमेऱ्यात येतात पाठी आणि फेटे. मग महिन्याने नवरीची आई विचारते, "हार घालतानाचा फोटो कुठाय?"

तो फोटो नाही याचा दोष आमच्या माथी येतो. म्हणून दोन मागण्या. स्टेजवर नवरानवरीसमोरची सहा बाय सहा फूट जागा अक्षता पडेपर्यंत मोकळी ठेवण्याची जबाबदारी कार्यालयाच्या माणसाने घ्यावी, आणि तेवढी रांगोळी किंवा पट्टी आधीच आखून ठेवावी. सत्कार मुहूर्तानंतर घ्यावेत. हे जमत नसेल, तर सत्कारामुळे राहिलेल्या फोटोंबद्दल तक्रार चालणार नाही, असे ऑर्डरवर लिहिले जाईल. मान्यवरांचे फोटो आम्ही तरीही काढू, ते न काढण्याची सोय नाही.

कार्यालयात स्टेजजवळ १५ अँपिअरचा एक स्वतंत्र प्लग असावा. डीजेच्याच वायरीवर आमचे लाइट जोडले की दोन्ही बंद पडतात. हळदीत कॅमेऱ्यावर हळदीचे पाणी मारले जाते, नाचताना धक्का बसतो. लग्नघराच्या माणसांकडून उपकरणाचे नुकसान झाले तर दुरुस्तीचे बिल लग्नघराने द्यावे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम २००० चा भाग आहे. वरातीत पोलीस डीजे बंद करतात तेव्हा कॅमेऱ्याची माणसे आणि गाडी त्या कारवाईत ओढली जाऊ नयेत. वाजवणारा आम्ही नसतो.

आणि जेवण. सकाळी सातला हळदीला उभा राहिलेला कॅमेरामन शेवटच्या पंगतीला, भात संपल्यावर, बसतो. दोन माणसे एका वेळी, अक्षता पडल्यानंतर अर्ध्या तासात जेवली तर बाकीच्या दोन कॅमेऱ्यांवर काम चालू राहते. याला खर्च नाही, फक्त कोणीतरी म्हणायला हवे.

वयाचा पुरावा

ही मागणी सर्वांत गंभीर आहे आणि ती थेट पोलीस ठाणे व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आहे.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ प्रमाणे मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा नसेल तर तो बालविवाह ठरतो. असा विवाह पार पाडणारा, घडवणारा किंवा त्याला मदत करणारा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाला पात्र होतो. राज्यात अशा गुन्ह्यांत गुरुजी, मंडपवाले, कार्यालयाचे मालक आणि फोटोग्राफर आरोपी झालेले आहेत. कायदा बरोबर आहे, आम्ही त्याच्या बाजूने आहोत. मुलीचे वय काय, हे फोटोवरून ओळखण्याचा धंदा मात्र आमचा नाही.

कायद्याच्या कलम १० मध्येच एक वाट ठेवली आहे. हा बालविवाह नाही असे मानायला आपल्याकडे कारण होते, हे ज्याला दाखवता येते तो दोषी ठरत नाही. हे कारण आम्ही ऑर्डर घेतानाच कागदावर आणणार आहोत. दोघांचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला पाहिल्याशिवाय आम्ही तारीख धरणार नाही आणि त्याची प्रत ऑर्डरला जोडू. यामुळे काही ऑर्डरी जातील. जाऊ द्या.

आमची मागणी तीन भागांत आहे. मंगल कार्यालयांनीही बुकिंगच्या वेळी हेच दाखले घ्यावेत, कारण फोटोग्राफर एकटा दाखला मागू लागला तर ऑर्डर न मागणाऱ्याकडे जाते आणि प्रामाणिक माणूस हंगाम गमावतो. दाखला पाहून काम घेतलेल्या फोटोग्राफरला चौकशीत साक्षीदार समजावे, आरोपी नव्हे, अशी लेखी भूमिका पोलीस ठाण्याने कळवावी. आणि आमच्यातल्या कोणी १०९८ वर किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माहिती दिली, तर त्याचे नाव गावात फुटू नये. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, ही जबाबदारी आहे. नाव फुटले तर त्या फोटोग्राफरला पुढच्या पाच वर्षांत त्या भावकीची ऑर्डर मिळत नाही आणि दुसऱ्या वेळी तो फोन उचलत नाही.

याच अधिकाऱ्यांकडे विवाहनोंदणीचेही काम आहे. राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो, आणि कागदांत लग्नाचा फोटो मागितला जातो. लोक वर्षाने, पासपोर्ट काढायच्या वेळी, आमच्याकडे धावत येतात. आम्ही प्रत्येक लग्नानंतर आठ दिवसांत चार बाय सहाचे दोन फोटो नोंदणीसाठी फुकट देऊ. ग्रामपंचायतीने त्या पाकिटावर लावायला नोंदणीची माहितीपत्रके छापून द्यावीत. मुदतीत नोंदणी वाढेल आणि खर्च कागदाचा.

ड्रोन, गाणी, देऊळ

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमहून जास्त वजनाचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर ड्रोनची नोंदणी आणि उडवणाऱ्याचे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. लग्नघरे हा खर्च धरत नाहीत आणि "सगळेच उडवतात" म्हणतात. आषाढात माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी असते तेव्हा तर गर्दीवर ड्रोन उडवणे धोक्याचेच आहे. पोलीस ठाण्याने कोणत्या दिवशी, कोणत्या भागात बंदी आहे याचा फलक १५ दिवस आधी लावावा. प्रमाणपत्राशिवाय ड्रोन आणणाऱ्यावर कारवाई करावी, तो आमच्यातला असला तरी.

लग्नात, वरातीत चित्रपटाचे गाणे वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तेच गाणे व्हिडिओखाली टाकून यूट्यूबवर चढवायला नाही. व्हिडिओचा आवाज बंद झाला की आम्हांला जाब विचारला जातो. गाणे ग्राहकाने सांगितले असेल तर जबाबदारीही ग्राहकाची, हे ऑर्डरवर राहील.

अर्धनारी नटेश्वराचे देऊळ ही वेळापूरची ओळख आहे. यादवांच्या काळचे शिलालेख या गावात आहेत. तिथे जोडप्यांचे फोटो काढायला परवानगी लागते का, कोणाची, किती शुल्क आणि कोणत्या वेळेत, हे आज दर वेळी वेगळे सांगितले जाते. संबंधितांनी एकच फलक लावावा. चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत तिथे शूटिंग घेणार नाही, हे आम्ही आपणहून लिहून देतो. प्री-वेडिंगबद्दल समाजात दोन मते आहेत. ज्यांना नको त्यांना आम्ही आग्रह करत नाही, आणि लग्नाच्या हॉलमध्ये ते पडद्यावर दाखवावे की नाही हे घरच्यांनी ठरवावे.

पीएम विश्वकर्मा योजनेच्या २०२३ च्या यादीत १८ व्यवसाय आहेत. त्यात नाभिक आहे, हार करणारा आहे, शिंपी आहे, सोनार आहे, म्हणजे मांडवातले निम्मे लोक आहेत. फोटोग्राफर नाही. ही यादी तहसील कार्यालय बदलू शकत नाही, हे आम्ही जाणतो. शिफारस करू शकते, ती करावी. दरम्यान शासनाच्या कौशल्य प्रशिक्षणातून तालुक्यात ड्रोन आणि एडिटिंगची एक तुकडी काढावी आणि त्यात निम्म्या जागा मुलींसाठी ठेवाव्यात.

आम्ही काय बांधून घेतो

मुलींच्या जागांचे कारण व्यवहाराचे आहे. नवरीची तयारी, बायकांची हळद, चुडा भरणे या ठिकाणी बाईमाणसाच्या हातात कॅमेरा हवा. तशी माणसे परिसरात मोजकी आहेत. तोवर, नवरीच्या खोलीत घरातली मोठी बाई हजर असल्याशिवाय आमच्यातला कोणी पुरुष पाय ठेवणार नाही.

लग्नघराच्या परवानगीशिवाय कोणाही मुलीचा फोटो किंवा रील आमच्या खात्यावर जाणार नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो, असे कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम १७ सांगते. आमच्या धंद्यात हे पुष्कळांना माहीत नव्हते, किंवा सोयीने माहीत नव्हते.

डाटा दोन ठिकाणी ठेवू आणि अल्बम दिल्यापासून ९० दिवस जपू. पैशांची पावती देऊ. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी करू, आणि त्याखाली असताना ग्राहकाकडून जीएसटीच्या नावाने काही घेणार नाही. एका तारखेला दोन ऑर्डरी घेतल्यास दोन्ही लग्नघरांना आधी लेखी कळवू. यातले कलम मोडणाऱ्याची तक्रार तंटामुक्त समितीकडे आली आणि खरी ठरली, तर त्याचे नाव आमच्या यादीतून एका हंगामासाठी काढले जाईल. ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला आम्ही तयार आहोत.

मुदत

तहसीलदारांनी हे मागणीपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पोलीस ठाणे, ग्रामपंचायत, कार्यालयचालक आणि आमचे पाच प्रतिनिधी यांची एकत्र बैठक बोलवावी. वयाच्या पुराव्याबाबतचे लेखी उत्तर त्याआधी, १५ दिवसांत मिळावे, कारण त्यासाठी बैठकीची गरज नाही. कार्यालयांनी नव्या पावत्या छापायला महिनाभर घ्यावा.

ऑर्डरचा एका पानाचा नमुना सोबत जोडला आहे. त्यातली भाषा साधी आहे, वकील लागत नाही. लग्नघरांना किंवा कार्यालयांना एखादे कलम खटकत असेल तर बैठकीत सांगावे, योग्य असेल तर बदलू. येत्या तुळशीविवाहानंतरच्या पहिल्या मुहूर्तापासून मात्र आमच्यापैकी कोणीही लेखी ऑर्डर आणि वयाचे दाखले यांशिवाय तारीख धरणार नाही. ज्यांच्या घरी त्या हंगामात कार्य आहे त्यांनी दोन्ही कागद बरोबर घेऊनच यावे.

आपले,
वेळापूर व परिसरातील फोटो-व्हिडिओ व्यावसायिक
(सह्यांचे पान व ऑर्डरचा नमुना सोबत)